नाम आणि रूप : आपल्या उत्सवाच्या चित्रफितींची कहाणी

स्मरणिकेत दरवर्षी आपण जुन्या उत्सवाची दोन-चार छायाचित्रे छापतो आणि दरवर्षी एकच प्रश्न निघतो, "डावीकडून तिसरे कोण हो?" मग फोनाफोनी होते, कोणी नागपूरला स्थायिक झालेल्या जुन्या सभासदाला विचारते आणि नाव सापडते. छायाचित्राच्या मागे निदान पेन्सिलीने काहीतरी लिहिलेले असते. हलत्या चित्रांचे तसे नाही. कॅसेटच्या पाठीवर "गणपती ९१" एवढेच असते, आणि त्या तीन तासांत कोण कोण होते हे त्यावरून कळायला मार्ग नसतो.

२००३ ते २००९ या काळात मंडळाच्या आणि काही सभासदांच्या व्हिडिओ कॅसेटवरून डीव्हीडी तयार करण्याचे काम माझ्याकडे होते. दिवसा प्लांटमध्ये रूळ आणि रात्री संगणकावर चित्रफिती, असे ते दिवस होते. त्या कामाविषयी लिहा, असे संपादक मंडळाने यंदा सुचवले. नुसती तांत्रिक माहिती दिली तर वाचक पान उलटतील, म्हणून इतिहासाच्या वाटेने जातो. त्या इतिहासातून सांगायची गोष्ट एकच आहे. चित्र जपायचे तर त्याचे रूप आणि नाम, दोन्ही जपावी लागतात. रूप म्हणजे चौकटीचा खरा आकार, ज्यात माणूस होता तसाच दिसतो. नाम म्हणजे तो माणूस कोण, वर्ष कोणते, प्रसंग कोणता. एका साधनावरून दुसऱ्या साधनावर जाताना सर्वात आधी याच दोन गोष्टी गळतात.

चौकट ठरली कशी?

आपल्यापैकी पुष्कळांचे आयुष्य रुळांच्या कारखान्यात गेले. रूळ कितीही उत्तम असला तरी दोन रुळांमधले अंतर आधी ठरलेले असावे लागते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा. मीटरगेजचा डबा त्यावर चालणार नाही. चित्राच्या चौकटीचेही असेच एक गेज असते. रुंदी आणि उंची यांचे प्रमाण म्हणजे ते गेज.

पहिले गेज ठरले अमेरिकेत, एडिसनच्या प्रयोगशाळेत. तिथे काम करणाऱ्या विल्यम डिक्सन यांनी १८९२ च्या सुमारास ३५ मिलिमीटर रुंदीची फिल्म घेतली, कडेला छिद्रे पाडली आणि चार छिद्रांच्या उंचीएवढे एक चित्र धरले. त्यातून साधारण चारास तीन हे प्रमाण आले, म्हणजे रुंदी चार भाग तर उंची तीन भाग. यामागे फार मोठे शास्त्र नव्हते, पण ते रूढ झाले आणि पुढे साठ वर्षे सगळे जग त्याच चौकटीतून पाहत राहिले.

हे तंत्र आपल्याकडे यायला वेळ लागला नाही. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्यूमिएर बंधूंच्या चित्रांचा खेळ झाला. त्यानंतर हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, यांनी इंग्लंडहून कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये मुंबईत कुस्तीचा सामना टिपला. १९०१ च्या अखेरीस केंब्रिजला सीनियर रँग्लर होऊन परतलेल्या रघुनाथ परांजप्यांचे स्वागतही त्यांनी चित्रित केले. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ चा. म्हणजे कथापट येण्याच्या बारा वर्षे आधी एका मराठी माणसाने आपल्या माणसाच्या कौतुकाचा सोहळा कॅमेऱ्यात धरला होता. आपण विसर्जनाची मिरवणूक किंवा मुलांचा बक्षीस समारंभ टिपतो, त्याच्यामागची हौस काही वेगळी नाही.

हौशी माणसाच्या हाती कॅमेरा आला तो १९२३ मध्ये, कोडॅकने १६ मिलिमीटरची फिल्म काढली तेव्हा. १९३२ मध्ये ८ मिलिमीटर आली आणि १९६५ मध्ये सुपर ८. फिल्मची रुंदी घटत गेली, पण चौकटीचे प्रमाण जवळपास तेच राहिले. दूरचित्रवाणीचेही तसेच झाले. बीबीसीने १९३६ मध्ये प्रक्षेपण सुरू केले ते पाचास चार या प्रमाणात, पण १९५० मध्ये तिनेही चारास तीन स्वीकारले.

१९५९ : एकाच वर्षी दोन पडदे

घरोघरी दूरचित्रवाणी आली तशी अमेरिकेतली चित्रपटगृहे ओस पडू लागली. प्रेक्षकाला परत आणायचे तर घरात मिळत नाही असे काही द्यायला हवे होते. १९५३ मध्ये 'द रोब' हा चित्रपट सिनेमास्कोपमध्ये आला आणि पडदा एकदम लांबलचक झाला. गंमत अशी की आतली फिल्म तीच ३५ मिलिमीटरची होती. फ्रान्सच्या आंरी क्रेत्यां यांनी पूर्वीच एक भिंग तयार केले होते. ते चित्र घेताना आडव्या दिशेने निम्मे दाबत असे. फिल्मवर माणसे काटकुळी दिसत. प्रोजेक्टरवरचे दुसरे भिंग तेवढेच ताणून ती पूर्ववत करी. दाबायचे आणि ताणायचे प्रमाण जुळले की रूप शाबूत, नाही जुळले की बिघडलेच. वाचकांनी ही युक्ती लक्षात ठेवावी. चाळीस वर्षांनी डीव्हीडीत ती पुन्हा भेटणार आहे.

भारतात हा लांब पडदा आणला गुरुदत्त यांनी, 'कागज के फूल' या चित्रपटात. छायालेखन होते व्ही. के. मूर्ती यांचे. साल १९५९. त्याच वर्षी १५ सप्टेंबरला दिल्लीत दूरचित्रवाणीचे प्रायोगिक प्रक्षेपण सुरू झाले. आणि त्याच वर्षी फेब्रुवारीत आपल्या भिलाईत पहिली ब्लास्ट फर्नेस पेटली, जिच्यामुळे आपल्यापैकी कित्येकांचे वडील विदर्भातून आणि खानदेशातून इथे आले. देशात लांब पडदा आणि चौकोनी पडदा यांचा संसार एकाच वर्षी सुरू झाला. पण आपल्या घरात शिरला तो चौकोनीच.

कॅसेटचे दिवस

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झाले. १९८२ च्या एशियाडच्या वर्षी रंग आले आणि त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत लहान शक्तीची प्रक्षेपण केंद्रे गावोगावी उभी राहिली. मराठी कार्यक्रम मात्र आपल्याकडे सहजासहजी दिसत नसत. म्हणून सुट्टीत पुण्या-मुंबईला जाणारा माणूस येताना चकली-चिवड्याबरोबर नाटकाच्या कॅसेटही आणत असे. जपानच्या जेव्हीसी कंपनीने १९७६ मध्ये बाजारात आणलेली व्हीएचएस कॅसेट ती हीच. व्हीसीआर सेक्टरमध्ये एखाद्या घरी असे आणि त्या घरचा दिवाणखाना म्हणजे आपले नाट्यगृह.

याच सुमारास उत्सवात शूटिंगवाला येऊ लागला. खांद्यावर मोठा कॅमेरा, मागून वायर धरणारा पोरगा आणि डोळे दिपवणारा हॅलोजनचा दिवा. नाटक चालू असताना तो दिवा मारू नये म्हणून दिग्दर्शक दरवर्षी भांडत असत. त्या भांडणामुळे आपल्या जुन्या नाटकांचे चित्रण अंधारे आहे, पण प्रेक्षकांचा हशा आणि टाळ्या त्यात स्वच्छ ऐकू येतात. तोही इतिहासच म्हणायचा.

व्हीएचएसची फीत म्हणजे प्लॅस्टिकच्या पट्टीवर चुंबकीय चूर्णाचा थर. आपल्याकडच्या पावसाळ्यात तिला बुरशी धरते. जास्त वेळा चालवली तर थर झिजतो, न चालवता ठेवली तर फीत एकमेकीला चिकटते. आणि एका कॅसेटवरून दुसरी भरली की प्रत्येक पिढीत रंग पसरट होत जातात. आपल्या १९८९ च्या नाटकाची जी प्रत बहुतेकांच्या घरी होती, ती तिसऱ्या की चौथ्या पिढीची होती. नायिकेच्या शालूचा रंग त्यात कुठला होता हे फक्त नायिकाच सांगू शकत असे.

मधे व्हिडिओ सीडीचा जमाना येऊन गेला. १९९३ चे ते तंत्र, चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचे आणि एका सीडीवर ७४ मिनिटे. नाटकाला तीन सीडी लागत. स्वस्त म्हणून ती आपल्याकडे फार चालली, पण हालचाल वेगाची झाली की चित्राचे चौकोनी तुकडे पडत. लेझीमच्या वेळी तर मुलांचे हात कुठे आणि लेझीम कुठे हेच कळत नसे.

चौकोनी नसलेले ठिपके

१९९६ च्या नोव्हेंबरात जपानमध्ये आणि १९९७ च्या मार्चमध्ये अमेरिकेत डीव्हीडी विक्रीस आली. घरच्या संगणकावर ती लिहिण्याचे यंत्र सामान्य माणसाच्या आवाक्यात यायला पुढची पाच-सहा वर्षे गेली. आपण कामाला लागलो ते त्यानंतर. व्हीसीआरमधून चित्र संगणकात घ्यायचे. त्या वेळच्या डीव्ही पद्धतीत एका तासाला सुमारे १३ जीबी जागा लागे, म्हणजे तीन तासांच्या नाटकाला ३९. मग ते दाबून ४.७ जीबीच्या तबकडीवर बसवायचे. तीन तास एकाच तबकडीवर कोंबले तर सेकंदाला जेमतेम साडेतीन मेगाबिट वाट्याला येतात, आणि जुन्या कॅसेटमधली मुंगी-मुंगी त्यातले निम्मे खाऊन टाकते. म्हणून मध्यंतराला नाटक तोडून दोन तबकड्या करायच्या, असा आमचा नियम होता. एक अंक दाबायला संगणक रात्रभर चाले.

इथे रूपाचा प्रश्न प्रथम उभा राहतो. आपल्याकडच्या पाल पद्धतीत डीव्हीडीचे चित्र ७२० बाय ५७६ ठिपक्यांचे, म्हणजे पिक्सेलचे असते. भागाकार करून पाहा, उत्तर १.२५ येते, म्हणजे पाचास चार. पण टीव्हीचा पडदा तर चारास तीन, म्हणजे १.३३. मग हिशेब जुळतो कसा?

याचे उत्तर १९८२ मध्ये आहे. त्या वर्षी दूरचित्रवाणीचे चित्र आकड्यांत कसे मांडायचे याचे आंतरराष्ट्रीय मानक ठरले. अमेरिकेत आणि जपानमध्ये एका चित्रात ५२५ रेषा, युरोपात आणि आपल्याकडे ६२५. दोन्ही पद्धतींना एकच यंत्रणा चालावी म्हणून प्रत्येक रेषेत ७२० ठिपके, असा तोडगा निघाला. अमेरिकेत ७२० बाय ४८०, आपल्याकडे ७२० बाय ५७६, आणि दोन्ही चित्रे पडद्यावर चारास तीनच दिसायची. त्यामुळे ठिपका चौरस राहिला नाही. आपला ठिपका थोडा रुंद झाला, उंचीपेक्षा सुमारे पंधरावा भाग जास्त. संगणकाचा ठिपका मात्र चौरस असतो. संगणकावर गोल काढला की टीव्हीवर तो आडवा लांबट दिसायचा, आणि टीव्हीचे चित्र संगणकावर तसेच उघडले की माणसे थोडी बारीक दिसायची.

आपल्या मंडळाचे बोधचिन्ह गोल आहे. ते गोलच दिसावे म्हणून संगणकावर ७६८ बाय ५७६ च्या चौकटीत चित्र काढायचे आणि शेवटी ते दाबून ७२० बाय ५७६ करायचे. दाबलेले चित्र संगणकावर चुकीचे दिसे, टीव्हीवर बरोबर. क्रेत्यां यांच्या भिंगाचे तत्त्व हेच होते.

मेनू आणि शिरोरेषा

आता नामाकडे येऊ. कॅसेटमध्ये एखादा प्रसंग शोधायचा तर फीत पुढे-मागे पळवत बसावे लागे. डीव्हीडीने एक नवी गोष्ट दिली, ती म्हणजे मेनू. तबकडी घातली की पहिले पान उघडते आणि रिमोटच्या बाणांनी हवे ते निवडता येते. पुस्तकाला अनुक्रमणिका असते तशी चित्रफितीला ही पहिल्यांदाच मिळाली.

तिची रचना साधी आहे. मागे एक स्थिर किंवा हलते चित्र असते. त्यावर एक पारदर्शक पापुद्रा असतो, ज्यात एका वेळी फक्त चारच रंग वापरता येतात. बटण निवडले की त्या पापुद्र्याचा रंग बदलतो. एका पानावर जास्तीत जास्त ३६ बटणे बसतात आणि प्रत्येक बटणावरून वर, खाली, डावीकडे, उजवीकडे गेले तर कुठे जायचे हे ठरवून द्यावे लागते. जुन्या काचेच्या नळीच्या टीव्हीत चित्राच्या कडा चौकटीआड जात, म्हणून अक्षरे मधल्या ८० टक्के भागात ठेवावी लागत.

देवनागरीची एक वेगळी अडचण होती. डीव्हीडी बनवण्याच्या त्या वेळच्या प्रोग्रामांना जोडाक्षरे झेपत नसत. 'श्रींची स्थापना' लिहिले की सगळी अक्षरे विस्कटत. म्हणून मराठी मजकूर वेगळ्या प्रोग्रामात लिहून त्याचे चित्र करून लावायचे. पण खरा त्रास झाला तो शिरोरेषेचा. टीव्ही एका वेळी एक आड एक रेषा दाखवतो, आधी विषम, मग सम. एखादी आडवी ओळ एकाच रेषेइतकी बारीक असेल तर ती एकदा दिसते, एकदा नाही, आणि सारखी फडफडते. रोमन अक्षरांना हे फारसे जाणवत नाही, आपल्या लिपीला मात्र शब्दभर लांब शिरोरेषा. पूर्ण मेनूच थरथरल्यासारखा दिसे. उपाय सोपा होता. ठसठशीत वळणाचा फाँट घ्यायचा आणि शिरोरेषा निदान दोन-तीन रेषा जाड ठेवायची. पुस्तकातला नाजूक टाइप तिथे चालत नाही, दुकानाच्या पाटीवरचा चालतो.

मेनूत काय लिहायचे हे मात्र तंत्राने ठरत नव्हते. स्थापना, आरती, मुलांचे कार्यक्रम, नाटक, विसर्जन, अशी मुख्य पानावर बटणे ठेवली. नाटकाच्या आत प्रत्येक अंकाला आणि संगीत नाटक असेल तर प्रत्येक पदाला खूण केली. शिवाय एक पान पात्रपरिचयाचे केले, भूमिका आणि समोर नाव. हे पान भरायला सर्वात जास्त वेळ लागला. त्यासाठी संध्याकाळी घरोघरी जाऊन टीव्हीसमोर बसावे लागे. कोणी म्हणे, "हा तर जोशांचा धाकटा," कोणी म्हणे, "छे हो, त्या वर्षी तो दहावीला होता." प्रॉम्प्टर कोण, पेटीवर कोण, पडदा कोणी ओढला, ही नावे छापील कार्यक्रमपत्रिकेत नव्हती. ती माणसांच्या डोक्यात होती. तबल्यावर बसलेले गृहस्थ मराठी नव्हतेच, प्लांटमधले बंगाली सहकारी होते आणि लागोपाठ सहा वर्षे त्यांनी आपल्या नाटकाला साथ केली होती, हे त्या पानामुळे पुढच्या पिढीला कळले.

रुंद पडदा

१९८० च्या दशकात अमेरिकेतल्या कर्न्स पॉवर्स या अभियंत्याने चित्रपटांच्या सगळ्या प्रचलित प्रमाणांचे सारख्या क्षेत्रफळाचे आयत एकमेकांवर ठेवून पाहिले. त्या सर्वांना सामावणारी चौकट सोळास नऊ, म्हणजे १.७८ या प्रमाणाची निघाली. चौकोनी आणि लांब पडद्यांमधला तो मध्यममार्ग. नवे टीव्ही त्याच आकाराचे झाले आणि २००६-०७ नंतर भिंतीवर टांगायचे सपाट टीव्ही आपल्या सेक्टरमध्येही दिसू लागले.

त्यांच्यावर जुने चौकोनी चित्र लावले की दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतात. एवढे पैसे मोजून आणलेला टीव्ही, मग बाजू रिकाम्या का? म्हणून घरोघरी रिमोटवरचे बटण दाबून चित्र ताणले गेले. चारास तीनचे सोळास नऊ केले की रुंदी नेमकी एक तृतीयांशाने वाढते. सडपातळ माणूस जाडजूड होतो आणि सायकलचे चाक अंड्यासारखे दिसते. आठवडाभरात डोळ्यांना त्याची सवयही होते.

२००८ मध्ये आपल्याच मंडळातल्या एक काकू एक डीव्हीडी घेऊन माझ्याकडे आल्या. त्यांच्या यजमानांनी १९९१ च्या नाटकात काम केले होते, पुढे पाच वर्षांनी ते गेले. हलत्या चित्रात त्यांचे रूप आणि आवाज असलेली ती एवढीच चीज. कॅसेट त्यांनी शहरातल्या एका दुकानात देऊन तिची डीव्हीडी करून घेतली होती. दुकानदाराने नव्या टीव्हीला शोभेल म्हणून रुंद करून दिली, आणि मूळ कॅसेट काही परत मिळाली नाही. नातवंडांनी आजोबांना प्रथम पाहिले ते त्या तबकडीत. "आजोबा केवढे जाड होते!" असे ती म्हणाली. काकू मला म्हणाल्या, "भाऊजी, हे आमचे नव्हेत. आवाज त्यांचाच आहे, पण हे ते नव्हेत."

इथे १९८२ चा तो विचित्र तोडगा उपयोगी पडला. डीव्हीडीवर चौकोनी चित्र असो की रुंद, आत साठवलेले ठिपके तेवढेच असतात, ७२० बाय ५७६. ते किती ताणायचे हे सांगणारी एक छोटी खूण तबकडीच्या माहितीत असते, चारास तीन किंवा सोळास नऊ. दुकानदाराने तेवढी खूण बदलली होती. चित्र आत जसेच्या तसे होते. संगणकावर प्रत काढून ती खूण पुन्हा चारास तीन केली, नवी तबकडी लिहिली आणि त्याच संध्याकाळी काकूंकडे लावली. यजमान पडद्यावर आले, सडपातळ, थोडे वाकून चालणारे. काकू काही बोलल्या नाहीत. त्यांनी तबकडी पुन्हा पहिल्यापासून लावायला सांगितली.

सगळ्यांच्या वाट्याला असे येत नाही. दुसऱ्या एका कुटुंबाच्या मुंजीच्या चित्रफितीत काळ्या पट्ट्या टाळण्यासाठी वरचा आणि खालचा भाग कापून टाकला होता. चौकोनी चित्र रुंद करायला कापले की उंचीचा चौथा भाग जातो. त्यात बटूच्या मागे उभ्या असलेल्या आजी-आजोबांची डोकीच गेली होती. ताणलेले परत आणता येते, कापलेले येत नाही.

तबकडीही थकली

तबकडी म्हणजे आता कायमचे झाले, असे त्या काळी सगळ्यांनाच वाटत होते. पण घरी लिहिलेली डीव्हीडी कारखान्यात छापलेल्या डीव्हीडीपेक्षा वेगळी असते. प्लॅस्टिकच्या दोन पातळ थरांमध्ये सेंद्रिय रंगाचा लेप असतो, लेझर तो जाळून खुणा करते. ऊन, उष्णता आणि दमट हवा यांनी तो रंग विटतो. भिलाईचा उन्हाळा आपण जाणतोच.

यंत्रांचेही दिवस संपत आले. व्हीसीआर बनवणारी शेवटची मोठी कंपनी, जपानची फुनाई, हिने २०१६ च्या जुलैत उत्पादन थांबवले. नव्या लॅपटॉपमध्ये तबकडीची खाचच नसते. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय चित्रपट व ध्वनी संग्रहालयाने २०१५ मध्येच इशारा दिला होता की चुंबकीय फितींवरचे जे २०२५ पर्यंत उतरवून घेतले जाणार नाही, ते बहुतांशी गमवावे लागेल. ती मुदत आता उलटून गेली आहे.

म्हणून तबकड्यांवरचे सर्व आता हार्डडिस्कवर घ्यायचे आहे, आणि गळती पुन्हा इथेच होते. डीव्हीडीवरून घाईने साधी व्हिडिओ फाइल केली की मेनू राहत नाही. पात्रपरिचय, अंक, पदे, वर्ष, सगळे जाते आणि फाइलचे नाव उरते 'व्हिडिओ १'. आकाराची खूणही पुष्कळदा वाटेत हरवते आणि चित्र एक तर दबते नाही तर ताणते. तेव्हा प्रत्येक घराने तीन गोष्टी कराव्यात. आधी संपूर्ण तबकडीची जशीच्या तशी प्रत संगणकात घ्यावी, मेनूसकट. मग मोबाइलवर पाहण्यासाठी वेगळी फाइल करावी आणि जुने चित्रण चौकोनीच ठेवावे. बाजूच्या काळ्या पट्ट्यांची लाज वाटू देऊ नये, छायाचित्राभोवती पुठ्ठ्याची पांढरी कड असतेच की. तिसरे, मेनूतली नावे वहीत उतरवून घ्यावीत आणि त्याच फोल्डरमध्येही टंकून ठेवावीत. अशा दोन प्रती दोन वेगळ्या घरांत असाव्यात.

यंदा उत्सवाच्या चौथ्या आणि पाचव्या दिवशी दुपारी तीन ते सहा या वेळात सभामंडपात पडदा लावून १९८७ ते १९९९ ची चित्रणे दाखवणार आहोत. दोन तरुण सभासद वही घेऊन बसतील. मिरवणुकीत, पंगतीत, प्रेक्षकांत दिसणाऱ्या अजून कितीतरी चेहऱ्यांना नावे नाहीत. सेवानिवृत्त होऊन लोक नागपूर-पुण्याकडे परततात, काही कायमचे जातात आणि दरवर्षी ओळखणारे डोळे कमी होतात. ज्यांच्याकडे जुन्या कॅसेट असतील त्यांनी त्या अवश्य आणाव्यात, काम झाले की त्या परत मिळतील. कॅसेट नसली तरी यावे, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना बरोबर आणावे. पडद्यासमोरच्या खुर्च्या त्यांच्यासाठी राखून ठेवल्या आहेत.